जन्मवेळ, मिनिटासकट

मॅनेजरची ती खुर्ची मला हवी होती. खोटं कशाला बोलू? चितेगावच्या त्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात जुने मॅनेजर सोडून गेल्यापासून सगळा गाडा मीच ओढत होते, आणि माझ्या दारावर पाटी होती, 'राहत शेख, इन्चार्ज'. इन्चार्ज म्हणजे पगार जुना आणि शिव्या नव्या.

मालक आप्पासाहेब. माणूस वाईट नाही, पण मुलापुढं मेण. हा मुलगा, म्हणजे आमचे छोटे साहेब, पुण्याहून कसलीशी डिग्री घेऊन आला आणि त्यानं जाहीर केलं की मॅनेजर 'प्रोसेस'नंच नेमायचा.

पहिल्या फेरीत कॉम्प्युटरच्या पडद्यावरून एका बाईनं विचारलं, "तुम्ही प्राणी असता, तर कोणता असता?"

"खेचर," मी म्हटलं. तिनं ते मनापासून लिहून घेतलं.

दुसऱ्या फेरीत एवढाले घोडे झालेल्या आम्हा उमेदवारांना रद्दी पेपरांचा मनोरा करायला बसवलं. तेवढ्यात खाली एक मशीन अडलं. मी जाऊन ते सुरू करून आले, तर माझ्या नावापुढं शेरा, 'टीममध्ये रमत नाहीत'.

तिसरी फेरी पत्रिकेची. हसू नका. त्यासाठी छोट्या साहेबांनी एक सल्लागार आणला होता. ज्योतिषीच तो, फक्त टाय लावलेला. निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून उमेदवारांची नावं त्याला कळवायची नव्हती. तो फोन करून नुसती जन्मतारीख, गाव आणि वेळ विचारणार. वेळ मिनिटासकट.

आमच्या घरात पत्रिका कुठून यायची? गारखेड्यात घरी आल्यावर अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "तू पैदा हुई तब पाचोड का बाजार उठरा था. बैंगन सस्ते हो गए थे."

मी सल्लागाराला तेच सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअरला वांगी चालत नाहीत." दुसऱ्या फोनला त्यानं बजावलं, वेळ नसेल तर उमेदवारी बाद.

लाइनवरचे सांडूभाऊ माझ्याआधीपासून तिथं आहेत. त्यांना हे सांगितलं तर तंबाखू मळत म्हणाले, "काय बी ठोकून द्या, मॅडम. मशीन बंद पडलं की तुमालाच हाक मारत्यात. जोतिषाला कोण इचारतंय तवा?"

माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. दर वर्षी छोट्या साहेबांच्या वाढदिवसाला कारखान्यात पूजा होते. आम्ही सगळे ओळीनं उभे, आणि गावातले गुरुजी माइकवरून त्यांची जन्मतारीख नि जन्मवेळ सांगतात. कारखान्यात ती पाठ नाही असा माणूस नाही. तिसऱ्या फोनला मी तीच सांगून टाकली. मिनिटासकट.

मुलाखतीला समोर आप्पासाहेब, शेजारी छोटे साहेब आणि मध्ये लॅपटॉप उघडून सल्लागार.

"या जातकाच्या हाती अधिकार देऊ नका," सल्लागार म्हणाला. "आयतं खायची सवय. कष्ट दुसऱ्याचे आणि मिरवणूक स्वतःची. कारखाना हाती दिलात, तर कुलूप लागलंच समजा."

छोटे साहेब जोरजोरात मान हलवत होते. "बाबा, मी तुम्हाला काय म्हणत होतो?"

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. "लई मन व्हतं गं बेटा माझं. पण नशिबापुढं कुणाचं चालतं?"

"आप्पासाहेब, ही पत्रिका माझी नाही," मी म्हटलं. "छोट्या साहेबांची आहे. दर वर्षी माइकवर ऐकतो ना आपण?"

छोट्या साहेबांची मान अर्ध्यात थांबली. आता तरी यांना लाज वाटेल असं मला वाटलं. मूर्ख मीच.

सल्लागारानं लॅपटॉप जवळ ओढला, दोन-चार बटणं दाबली आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे निसटलंच माझ्या नजरेतून! विपरीत राजयोग आहे हा. वरून सगळं वाईट दिसतं, पण माणूस राजा होतो."

आप्पासाहेबांनी चक्क हात जोडले. पेढे आले. पेढे संपायच्या आत ठरलंसुद्धा, की बाहेरचा माणूस हवा कशाला, मॅनेजर छोटे साहेबच. आयत्या बिळावर नागोबा.

"तू इन्चार्ज ऱ्हाय बेटा," आप्पासाहेब मला म्हणाले. "पोराला सांभाळून घे."

ज्या कुंडलीनं मला बाद केलं, तिनंच त्याला खुर्चीवर बसवलं. मी कारखान्याच्या किल्ल्या पेढ्यांच्या ताटात ठेवल्या आणि निघाले. पैठण रोडला स्कूटी कडेला लावून रडले. दुःखानं नाही, संतापानं. असल्या माणसांकडून 'मॅनेजर' म्हणवून घ्यायला मी इतकी धडपडले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीसोबत चहा घेत होते, तेवढ्यात छोट्या साहेबांचा फोन. मागं नुसता गलका.

"मॅडम, तीन नंबरची लाइन बंद पडलीय. ट्रक दारात उभाय. काय करू?"

"कधी बंद पडली?"

"आत्ताच, मघाशी."

"मघाशी चालत नाही, साहेब. मिनिटासकट सांगा."

त्यानं सांडूभाऊंना ओरडून विचारलं, आणि मला वेळ सांगितली.