नंबर दोनशे सतरा

"धरा की हातात. चावतीया व्हय?" अरुणानं दुधाची किटली नवऱ्याच्या पोटाला टेकवली. "साडेसहाची एष्टी हाय माझी. डेअरी सातला उघडती. दोन्हीकडं मी एकटी कशी पुरू?"

"उद्या जातो."

"सुटून पंधरा दिस झालं, उद्याच म्हणालाय. हुपरीत पैंजणाच्या कामाला जागा मिळालीया, ती सोडू? का म्हस इकू? काय त्ये सांगा."

उत्तरासाठी ती थांबली नाही. चौदा वर्षं असंच चाललं होतं. उत्तर द्यायला घरात होतं कोण?

ज्ञानू किटली घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. दार सताड उघडं होतं, तरी कुणी 'चल' म्हणेपर्यंत पाय हलेना. शेवटी गोठ्यातली म्हैस ओरडली, तेव्हा तो निघाला.

चौदा वर्षांपूर्वी मोटरच्या पाळीवरनं भांडण झालं होतं. पाणी आधी कुणाच्या उसाला, एवढंच. हातात खोरं होतं आणि समोर केरबा होता. कोर्टात लोक ते दोन दिवस सांगत होते, पण घडायला एक शिंक यावी एवढाच वेळ लागला होता. आता ज्ञानूला केरबाचं तोंडही नीट आठवत नव्हतं. आठवायला बसलं की सतरंजीच्या पट्ट्या दिसायच्या. निळी, लाल, निळी. कळंब्याच्या जेलात मागावर बसून त्यानं त्याच विणल्या होत्या.

तिथं एकदा एक सर भाषणाला आले होते. पूर्वी चोराचे हात तोडायचे, म्हणाले. तोंडाला काळं फासून गाढवावरनं धिंड काढायचे, काळ्या पाण्यावर धाडायचे. आता तसं नाही. आता शिक्षा म्हणजे माणूस सुधारणं. मागनं बापूसो नावाचा कैदी म्हणाला, "सर, आमी सुधारलो. गावाला कवा आत घेताय?" सगळे हसले, सरही हसले. ज्ञानूच्या डोक्यात मात्र गाढवच अडकून बसलं. धिंड दिवस मावळेपर्यंत तरी संपत असेल. गाढवालाही घरी जायचं असतं.

डेअरीपुढं पंधरा-वीस जणांची रांग होती. तो मागं उभा राहिला आणि पुढची बडबड एकेक करत विझली. कुणी शिवी दिली नाही. एका बाईनं नुसती आपली किटली ह्या हातातनं त्या हातात घेतली, त्याच्यापासनं लांबच्या. रांगेत पुढं एक वाकलेली पाठ होती. केरबाची आई, धोंडुबाई. तिनं मागं वळून बघितलं नाही. दूध घातलं, आणि नळावर जाऊन किटली विसळायला लागली.

त्याची पाळी आली. काट्यामागं राजवीर बसला होता, डेअरीचा सेक्रेटरी. वय बावीस. ज्ञानू जेलात गेला तेव्हा हे पोर शेंबूड पुसत हिंडत होतं.

"पावणं, जरा म्होरं सरका," राजवीर मान वर न करता म्हणाला. मग किटलीवरचा सभासदाचा लाल आकडा वाचून मोठ्यानं ओरडला, "दोनशे सतरा!"

ज्ञानू मटकन खाली बसला.

उकिडवा, मान खाली, हात गुडघ्यावर. जेलात गिनतीला नंबर पुकारला की दोघादोघांच्या जोडीनं असंच बसायचं. त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातनं शेजारी बघितलंसुद्धा. शेजारी जोडीदार नव्हता, दुधाचा कॅन होता.

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले.

"काय झालं, चक्कर आली व्हय?" राजवीर उठला. तोवर बाजूच्या खुर्चीवरनं चेअरमन हंबीरराव म्हणाले, "आरं, ज्ञानू हाय त्यो."

हसणं जागच्या जागी थांबलं.

"ज्ञानबा, आमचं काय न्हाय बघ," हंबीरराव चष्मा पुसत म्हणाले. "पर समद्या गावाचं दूध एका कॅनात पडतंय. लोकं नावं ठेवत्यात. अरुणालाच लावून दे की."

"ती कामाला गेली," ज्ञानू म्हणाला. खाली बसूनच. आता म्हैस जाणार, नाहीतर काम जाणार, हे त्याला कळत होतं. पण ते लांब कुणाच्या तरी घरातलं बोलणं असल्यासारखं कळत होतं.

नळ बंद झाला. धोंडुबाई ओली किटली घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या पायातल्या चपलेला तारेनं बांधलं होतं. त्याला तेवढंच दिसत होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "हितं कोण मोजाय बसलं न्हाय तुला."

तो उठला.

"काकी..."

"काकी म्हणू नगंस." मग ती हंबीररावांकडं वळली. "त्याच्या बायकूचं दूध चौदा वर्सं चाललं की तुमास्नी. तवा कॅन बाटला न्हाय. घ्या त्ये. ह्यो बसला काय, उभा ऱ्हायला काय, माझा केरबा काय येत न्हाय. दूध कशापाय नासवताय?"

राजवीरनं किटली काट्यावर ठेवली, नमुना काढला, दूध मोठ्या कॅनात ओतलं. वर थोडा फेस आला, मग तोही बसला. कुठलं दूध कुणाचं, कळायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी अरुणा यायच्या आधीच तो धार काढून डेअरीवर गेला. रांगेच्या शेवटी धोंडुबाई होती. तो तिच्या मागं उभा राहिला, पण थोडं अंतर सोडून. मागनं लोक येत गेले. रांग लांबली, डेअरीच्या पायरीखाली उतरली, रस्त्याला लागली. एक घाईतला गडी पुढं आला, मधली मोकळी जागा बघून आत शिरणार तेवढ्यात थबकला, आणि मागं गेला.

रांग पुढं सरकली. धोंडुबाई एक पाऊल सरकली. ज्ञानू एक पाऊल सरकला. मधली एका माणसापुरती जागा तशीच पुढं सरकत गेली.