माझी खोटी घरघर

चावी दिली की घरघरणारा मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. बोटीने मुंबईत आलो तेव्हा माझी काच इतकी लख्ख होती, की दुकानदार मला हातरुमालाशिवाय उचलत नसे. गिरगावच्या हेरंबरावांनी मला घेतलं. नट, गवई, चित्रकार यांच्या आयुष्यावर ते छोटे माहितीपट काढत. "हेरंबराव, तुमच्या कॅमेऱ्याला माणूस कळतो हो!" असं लोक म्हणत आणि मी फुगत असे. आज ते शब्द आठवले, की कुठे तोंड लपवू असं होतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटून उठलं होतं. त्या दिवसांत आम्ही लालबागच्या चाळीत शाहीर कुशाबांवर माहितीपट करत होतो. दिवसभर गिरणीत राबून कुशाबा सभांमधून पोवाडे गात. डफ तापवताना, गिरणीच्या दारात, नातीला खांद्यावर घेतलेले, असे चार दिवस मी त्यांना टिपले. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "हेरंबराव, माझ्या निम्म्या चाली हिच्या आहेत. हिनं जात्यावर म्हटल्या, मी उचलल्या. हिलाही घ्या की."

"काय तरी तुमचं!" असं म्हणत त्यांच्या पत्नी सुभद्राबाई आत पळाल्या. पण लगेच हिरवं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि जात्यापाशी बसल्या. दारात शेजारणींची ही गर्दी!

फिल्मचं एकच रीळ उरलं होतं. ते रविवारच्या मोठ्या सभेसाठी राखलेलं. माझं पोट रिकामं होतं. "फिल्म नाही हो," एवढं सांगायला हवं होतं. पण शाहिरांच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? हेरंबराव म्हणाले, "म्हणा वहिनी. आज चित्र घेऊ, आवाज नंतर."

त्यांनी मला चावी दिली. आणि मित्रांनो, मी घरघरलो.

अर्ध्या मिनिटाने माझी चावी उतरते. त्यांनी ती तीनदा भरली. डोळे मिटून सुभद्राबाई अख्खी ओवी गायल्या. मग हळूच विचारलं, "पदर नीट होता ना, भाऊजी?"

"अगदी छान!"

दोन महिन्यांनी चाळीच्या पटांगणात पांढरा पडदा लागला. सुभद्राबाईंनी नणंदेला, रखमाला, मुद्दाम वरळीहून बोलावलं होतं. "आता येईन बघ. हिरव्या लुगड्यात." पडद्यावर कुशाबा आले, सभा आली, टाळ्या पडल्या, दिवे लागले.

"कुठं गो तू? की पडद्यामागं दळत बसलीस?" रखमा म्हणाली. बाया हसल्या.

सुभद्राबाईंनी पदर ओढून घेतला. "माझंच काहीतरी चुकलं असेल. बेसूर झालं असेल, म्हणून काढलं. शिकलेली माणसं ती, त्यांना कळतं."

चार पावलांवर हेरंबराव उभे होते. मी त्यांच्या खांद्याला लटकत होतो. त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. ते काही बोलले नाहीत. मला तर बोलताच येत नव्हतं.

पुढे नवं रीळ घेऊन आम्ही एकदा गेलो. सुभद्राबाईंनी चहा दिला, पण जात्यापाशी काही बसल्या नाहीत. "नको भाऊजी, आता नाही जमायचं." दळताना त्या आता गप्पच असतात, असं शाहीर म्हणाले.

मित्रांनो, कुणाला नाही म्हणायचं असेल, तर सरळ नाही म्हणा. ते माणूस चार दिवस रुसेल. पण खोटं हो म्हणून त्याला स्वतःच्या गळ्यावर संशय घ्यायला लावू नका. आणि लालबागला सुभद्राबाईंच्या घरचं कुणी भेटलं, तर माझं एवढं सांगा: बाई, तुम्ही कुठेही चुकला नव्हता.