दुसरी फोड

वाटीत पीचच्या दोन फोडी होत्या. डब्यातल्या, पाकात भिजलेल्या, पिवळ्याधमक, एकीवर दुसरी कललेली... आणि शेजारी गॅव्हच्या वाटीत एक, समोरच्याच्या वाटीत एक, टेबलावर सगळ्यांच्या एकेकच. पाणबुडीत दिवसेंदिवस पाण्याखाली राहून ताजं फळ संपलं की आचारी मर्फी असंच हात आखडून वाढायचा, जास्त मागितलं तर पळी उगारायचा. मग आज दोन कशा? इयन पॅस्कोनं चमचा उचलला आणि परत खाली ठेवला. चुकून पडली असेल. मर्फीच्या हातून, चुकून? त्यानं मान वर केली तर मर्फी त्याच्याकडेच बघत होता, आणि नजरानजर होताच तो लगबगीनं आधीच घासलेलं पातेलं घासायला लागला.

यांना कळलंय. काल बोट जरा वर नेऊन रेडिओचा खांब पाण्याबाहेर काढला होता, किनाऱ्यावरचे संदेश आले होते, आणि त्यात कोरीचं काहीतरी असणार. कोरी, त्याचा धाकटा भाऊ — ऑल्बनीच्या दक्षिणेला खोल समुद्रात खडकांवरचे शिंपले खरवडून काढणारा, शार्क दिसला म्हणून घाबरून एका दमात वर आलेला. इतक्या खोलातून एका दमात वर येणं म्हणजे शार्क परवडला. रक्तात बुडबुडे झाले, पाय गेले, मग श्वास अडकायला लागला, आणि फ्रीमँटलच्या इस्पितळात त्याला एका लोखंडी टाकीत ठेवून पुन्हा खोल पाण्याइतक्या दाबाखाली नेलं. टाकीला जाड काचेची गोल खिडकी होती. निघायच्या दिवशी इयन त्या खिडकीशी उभा राहिला तेव्हा आतून कोरी काहीतरी म्हणाला. ओठ हलले. आवाज आला नाही, बोलायचा फोन नर्सच्या हातात होता, बाहेर गाडी थांबली होती... इयननं नुसतीच मान डोलावली, सगळं ऐकल्यासारखी. ज्याच्या कानाची अख्ख्या ताफ्यात शपथ घेतात, त्या माणसानं.

आणि मग धक्क्यावर दुय्यम कप्तान मॉर्टलॉकनी नेहमीचा प्रश्न विचारला. प्रत्येक फेरीआधी ते एकेकाला बाजूला घेऊन विचारतात : "घरी काही वाईट झालं तर लगेच सांगू, की परतल्यावर?" बोट कुणाच्या मरणासाठी माघारी वळत नाही, मग सांगून उपयोग काय? रडायला जागा म्हणजे पडदा लावलेली झोपायची एक फळी, तीही अर्धा दिवस दुसऱ्याची. परतल्यावर, सर — मी म्हणालो, सगळेच म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ आपली असेल तर... इथं मूठ दुसऱ्यांच्या हातात आहे, आणि ते सगळे ती पाठीमागे धरून माझ्याकडे बघताहेत.

"खात नाहीस?" गॅव्हनं विचारलं.

"तुला हवी का एक?"

"नको रे इयन. तूच खा."

इयन! एवढ्या वर्षांत गॅव्हनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. इयन दक्षिण ऑस्ट्रेलियातला, आणि तिकडच्यांना बाकीचे कावळेखाऊ म्हणतात, म्हणून गॅव्हच्या तोंडी तो उठल्यापासून झोपेपर्यंत कावळेखाऊ. इयनच्या लग्नातसुद्धा, पाद्र्यासमोर. या बोटीवर माणसाची इज्जत काढतात तोवर सगळं ठीक असतं. इज्जत द्यायला लागले की समजावं.

पहाऱ्याला दोघं शेजारी बसले, पाण्यातले आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्राचे हेडफोन कानांवर चढवून. बोट आंधळी असते, हे कानच तिचे डोळे. बाहेर कोळंब्या तडतडत होत्या, तव्यावर चरबी तडतडावी तशा, लांब कुठंतरी एक देवमासा कण्हत होता. कप्तानानं बोट वर न्यायची आज्ञा दिली. वर कोणी नाही ना, हे इयननं सांगायचं. तो ऐकत होता... आणि पाठीमागे मॉर्टलॉक कप्तानाशी हलक्या आवाजात बोलत होते. "...बिचारा..." बिचारा म्हणाले? की 'विचारा'? त्यानं एक कान किंचित मोकळा केला. आई दवाखान्याच्या पायरीवर बसली असेल, तिची ती निळी पिशवी मांडीवर घेऊन, आणि कोणीतरी दार उघडून बाहेर आलं असेल...

"वर मोकळं आहे, सर," त्याच्या तोंडून गेलं.

"नाही!" गॅव्ह ओरडला. "ट्रॉलर! डोक्यावर ट्रॉलर आहे, सर, जाळं सोडलंय! वर नको!"

"खाली! खाली घ्या!" कप्तान ओरडला.

बोटीनं नाक खाली घातलं, कप घरंगळले, कोणीतरी भिंतीवर आदळलं. मग वरून जाणाऱ्या त्या मासेमारी बोटीचा पंखा सगळ्यांना कानांवर काही न लावताच ऐकू आला — घरघर, घरघर — पाणबुडी जाळ्यात सापडली असती तर पन्नासएक माणसं लोखंडासकट तळाला गेली असती, आणि तीही याच्या एका वाक्यावर. घरघर लांब गेली. घामानं इयनचा शर्ट पाठीला चिकटला होता. आता फाडून खातील. मॉर्टलॉकनी सैल राहिलेल्या कपासाठी माणसं रडवलेली त्यानं पाहिली होती. द्या शिव्या, तो मनात विनवत होता, सगळ्यांदेखत द्या, देवाशपथ द्या...

खांद्यावर मॉर्टलॉकांचा हात पडला. मऊ.

"पॅस्को, जा. जरा पड थोडा वेळ."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण इथं मनानं एकट्यानं काय केलं होतं? फोड खरी होती, नाव खरं होतं, हा हातही खरा होता. की कोरी टाकीत आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं, आणि तो रात्ररात्र झोपत नाही हेही दिसत होतं, म्हणून...? विचारलं तर सांगावं लागतं, हाही नियमच. तो कप्तानाच्या खोलीच्या पडद्याशी जाऊन उभा राहिला. पडदा कापडाचा. एक वाक्य बोललं की झालं. तोवर कोरी टाकीत आहे, ओठ हलवतोय, जिवंत आहे... विचारलं की कदाचित नसेल. ज्या भावाचं शेवटचं बोलणं ऐकायला मी फोन मागून घेतला नाही, त्याच्याबद्दल आता परक्या माणसाच्या तोंडून ऐकू?

"कोण आहे?" आतून कप्तानानं विचारलं.

"कोणी नाही, सर. चुकून आलो."

वळला तर अरुंद वाटेत गॅव्ह. एकमेकांना जाऊ द्यायला दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिले, नाकाला नाक लागेल इतके जवळ.

"गॅव्ह, मी आत्ता सगळ्यांना मारलं असतं."

"हं."

"मग बोल की काहीतरी. नेहमीचं बोल."

गॅव्हनं तोंड उघडलं. आणि आधी श्वास घेतला — अर्धाच, दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता.

"बहिरा कावळेखाऊ," तो म्हणाला. "कान आहेत की आमलेट चिकटवलंय डोक्याला?" मोठ्यानं म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं, आणि त्याच्या पापण्या भराभर हलत होत्या.

त्या अर्ध्या श्वासात काय होतं, हे इयननं विचारलं नाही. गॅव्ह किती थकलाय हे त्याला एकाएकी दिसलं. मर्फी, मॉर्टलॉक, हे सगळे... काहीतरी ओझं वाहत होते, त्याच्यासाठी, किंवा वाहत नव्हतेही. आता आपल्याला संशय आलाय हे यांना कळता कामा नये. आजपासून किनारा येईपर्यंत हे काम त्याचं.

"आमलेटच आहे," इयन म्हणाला. "तुझ्या आईनं केलेलं. म्हणून तर काही लागत नाही चवीला."

गॅव्ह हसला, आणि त्या हसण्यातली सुटका इयनला अगदी स्पष्ट ऐकू आली. मग तोही हसला. जेवणघरात त्याची वाटी तशीच होती, कोणी हलवली नव्हती, त्यानं बसलेल्या सगळ्यांच्या समोर उभ्यानंच दुसरी फोड आधी खाल्ली, मग पहिली, आणि वाटी मर्फीपुढे धरून म्हणाला, "आणखी आहे का, कंजूष माणसा?"