शुक्रवारचं टेबल

ट्रेव्हरनं सवयीनं चार कागदी पेले मांडले, क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि एक उचलून परत पिशवीत टाकला. रॉझनं चिप्सचं पाकीट उभं फाडून टेबलावर मधोमध पसरलं. गाडीनं बर्मिंगहॅम सोडलं तसे डब्याडब्यातून जिनचे कॅन फसफसले. हिलरीनं मात्र आपला उघडला नाही.

"आजही नाही आला," ती म्हणाली.

सुट्टीवर गेला असेल, असं रॉझ म्हणाली. मागच्या शुक्रवारीही ती हेच म्हणाली होती, आणि त्याच्या आधीच्याही.

न आलेला माणूस म्हणजे ग्विलिम. शहरातल्या मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं घाबरून एकमेकांना काय काय सांगून बसतात, याच्या गोष्टी तो अशा रंगवायचा की पलीकडच्या बाकावरचे लोकही वर्तमानपत्राआड हसायचे. ट्रेव्हर विमा कंपनीत होता, रॉझ दाताच्या दवाखान्यात, आणि हिलरी चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत. सोमवार ते गुरुवार हीच चौघं याच गाडीनं जायची-यायची, पण निरनिराळ्या बाकांवर, खिडकीबाहेर बघत. नजरानजर झालीच तर मान हलवायची, तीही बेतानं. शुक्रवारी संध्याकाळी हातात पेला आला की मगच बोलायला परवाना मिळायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सगळा देशच असा प्रवास करत होता. हिलरीला ग्विलिमच्या गुडघ्याचं दुखणं ठाऊक होतं, त्याची बायको कशी सोडून गेली तेही ठाऊक होतं. त्याचं आडनाव मात्र ठाऊक नव्हतं. फोन नंबर मागायचं तर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मी आज लेडबरीपर्यंत जाते," ती म्हणाली. ग्विलिम तिथं उतरायचा, एवढी एकच खूण हाताशी होती.

ट्रेव्हर अवघडला. "असं कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? त्याला काय वाटेल?"

"मेला असेल तर काही वाटणार नाही."

कॉलवॉल आलं, हिलरीचं स्टेशन. दार उघडलं, थंड हवा आत आली, दार मिटलं. घरी तिची वाट बघणारं एक मांजर होतं, तेही शेजाऱ्यांचं. गाडी पुढच्या बोगद्यात शिरली तेव्हा खिडकीच्या काळ्या काचेत तिला आपलाच चेहरा दिसला. कामाच्या कपड्यातली, केस विस्कटलेली, निवृत्तीला टेकलेली बाई. आपण काय करून बसलोय, असं तिच्या मनात आलं. पण आता परतायचं तरी कसं? ती लेडबरीला उतरताना रॉझनं तिचा बंद कॅन तिच्या पिशवीत सारला.

बाहेर अजून उजेड होता. हिलरी मुख्य रस्त्यानं खाली आली आणि समोर दिसलेल्या पबमध्ये शिरली. गल्ल्यामागे एक दणकट बाई ग्लास पुसत होती. ग्विलिम नावाचा माणूस हवाय, लिफ्ट दुरुस्त करतो, वेल्सकडचा आहे, गुडघा दुखतो, एवढं सांगून हिलरी थांबली.

"तुम्ही त्याच्या कोण?" बाईनं विचारलं.

हिलरीनं खांद्यावरची पिशवी सावरली. "गाडीतली," ती म्हणाली.

बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. "शुक्रवारवाल्या होय! तुमच्या गप्पा सांगून सांगून कान किटवायचा आमचे. हल्ली फिरकत नाही इकडं." तिनं चर्चमागची गल्ली आणि हिरव्या दाराचं घर सांगितलं. 'किटवायचा' म्हणजे आता किटवत नाही, हे हिलरीच्या ध्यानात आलं. का, ते विचारायचा धीर मात्र तिला झाला नाही.

हिरवं दार उघडलं ते ग्विलिमनंच. कमरेला ॲप्रन, हाताला साबणाचा फेस, गाल गुलाबी. हिलरीला हायसं वाटलं आणि पाठोपाठ भयंकर रागही आला.

"आम्हाला वाटलं तू मेलास."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिच्या हातांकडे. "मग फुलं कुठायत?"

ती हसली नाही. तेव्हा त्यानं तिला आत बोलावलं, चहा टाकला आणि पाठमोरा राहूनच सांगून टाकलं. यकृत बिघडलं होतं. डॉक्टरनं दारू कायमची बंद केली होती. आता तो रोज आधीच्या गाडीनं जात-येत होता, गर्दीत शौचालयासमोरच्या अरुंद बाकावर, दाराला गुडघे टेकवून.

"पण आम्हाला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? तुम्ही पिणार आणि मी लिंबू सरबत घेऊन बसणार? तुम्ही चोरट्यासारखे प्याल, माझ्याकडे बघून. सगळ्यांच्या शुक्रवारची वाट लागेल."

"इतर चार दिवस आपण कुठं पितो?"

"इतर चार दिवस आपण बोलतो तरी कुठं?"

हे खरं होतं. हिलरीनं चहाचा कप फिरवला. इतकी वर्षं जे ती स्वतःशीही धड बोलली नव्हती ते आता, घोटभर जिनही पोटात नसताना, बोलायचं होतं. तिचे कान तापले.

"मला चारही दिवस बोलायचं असतं," ती म्हणाली. "तू तीन बाकं सोडून बसलेला असतोस. काल काय केलंस हे विचारायचं असतं. मग मी खिडकीतून मेंढ्या बघते."

ग्विलिमनं हात पुसले. पुसून झालेले हात तो पुन्हा पुसत राहिला. मग त्यानं ॲप्रन काढून कोट चढवला. परतीच्या गाडीपर्यंत तो लंगडत सोबत आला. वाटेत दोघं फक्त यंदा सफरचंदांना आलेल्या मोहोराबद्दल बोलली.

शनिवार-रविवार हिलरीनं स्वतःला बोल लावण्यात घालवले. सोमवारी सकाळी तिला वाटलं, सरळ पुढच्या डब्यात चढावं. तरी पाय नेहमीच्याच दाराशी थांबले. ग्विलिम आज याच गाडीत होता, टेबलापाशी बसलेला. तिला बघताच त्यानं समोरच्या जागेवरची हत्यारांची पिशवी उचलून खाली ठेवली.

ती बसली. डब्यात सगळे नेहमीसारखे खाली मान घालून बसले होते.

"काल काय केलंस?" त्यानं विचारलं. आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडच्या माणसानं वर्तमानपत्रावरून डोळे वर केले आणि पुन्हा खाली घातले.

काल आपण भिंत रंगवायला काढली, रंग कमी पडला आणि आता बैठकीची खोली अर्धी पिवळी, अर्धी पांढरी आहे, असं हिलरीनं सांगितलं. कुठली बाजू पिवळी, असं त्यानं विचारलं. ती सांगू लागली.

माल्व्हर्न स्टेशन मागे पडलं तेव्हा दाराजवळच्या बाकावरून ट्रेव्हर आपला चहाचा पेला सांभाळत उठला. मागून रॉझनंही पर्स उचलली आणि ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सरका जरा," ती म्हणाली.