आतल्या बाजूची कडी

मला दारावरून उतरवण्यात फायदा एकाच माणसाचा होता, आणि त्याला सगळे 'दादा' म्हणत.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कडी आहे. दुकानात माझी चकाकी बघून गिऱ्हाईक थबकायचं. मग दादाच्या मागच्या खोलीला मी आतून बसले. अंगाने बारीक, पण अख्ख्या घराला दाराबाहेर उभं करायची माझी ताकद.

घर सुटलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरींना दादा ती खोली द्यायचा. "भाडं नको गं, घरच्यासारखी राहा." केवढा उदार माणूस! फक्त पहिली पोर येण्याआधी त्याने मला काढून स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. तिथे काळवंडत पडून मी ऐकलं, न घेतलेलं भाडं कसं वसूल होतं ते.

मग आली एकविशीची पॉलिशवाली. सुतारकारखान्यात कामाला, सावत्र बापाने घराबाहेर काढलेली. आधीच्या ठिकाणी छपराच्या बदल्यात आजार पदरात पडलेला. एकदा ओट्याशी उभी राहून ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "दवाखान्यात नर्सबाईंनी पत्ता विचारला. म्हटलं, सारखा बदलतो. म्हणाल्या, राहू दे, गोळ्या घे. पण कोर्स संपेपर्यंत कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, आणि पुढेही निरोधाशिवाय नाही. म्हटलं, बाई, माझ्या दाराला कडीच नाही!"

बोलता बोलता तिने चमच्यासाठी खण उघडला. हाती मी लागले. पेचकस तिच्या पिशवीत होताच.

त्याच संध्याकाळी दादाने दार ढकललं. मी हलले नाही.

"कडी कशाला गं? घरात परकं कोण आहे?"

"मी आहे ना, दादा."

"मग परक्यांनी रस्त्यावर झोपावं!"

सकाळी ती निघाली. त्याआधी तिने मला शांतपणे उतरवलं.

"अगं, कडी तरी ठेव!"

"तुम्हाला कुठे लागते?"

काही रात्री आम्ही कारखान्यात भुशावर काढल्या. मग मालकीणबाईंनी अवजारांची खोली रिकामी करून दिली. आता मी तिथे आहे, आतल्या बाजूला. गोळ्या संपल्या, पुन्हा केलेली तपासणी चांगली आली.

मित्रांनो, मला तेल नको, शाबासकी नको. कुणाला आसरा द्याल, तर दाराला आतून कडी लावून द्या. लावायची नसेल, तर 'भाडं नको' म्हणू नका. काय हवंय ते चारचौघांत बोलून दाखवा.

राहिला हिशेब. दादाची एक कडी गेली. पॉलिशवालीचं एक छप्पर गेलं. बाकी सगळं भरलं ते तिच्याआधीच्या पोरींनी, आणि त्यांना पावती कुणी दिली नाही.