होडीचं ठिगळ

कारखान्यात त्याला सगळे टकटक म्हणत. प्लायवूडची फळी समोर आली की तो मधल्या बोटाचं पेर तिच्यावर तीन ठिकाणी आपटायचा, कान द्यायचा आणि निकाल सांगायचा. आतला थर सुटला असेल तर आवाज बद्द येतो. पास झालेल्या फळीच्या कडेला तो आपला चार नंबरचा शिक्का मारायचा. एकोणतीस वर्षांत तो शिक्का दुसऱ्याच्या मालाला शिवला नव्हता, आणि माणसाला जगात मिरवायला एवढं पुरतं असं त्याचं मत होतं. बाकी जगाबद्दलचं त्याचं मत फार वाईट होतं.

जगाने ते मेहनतीने कमावलं होतं. नदीपलीकडच्या देशाने शेजाऱ्याची कुरापत काढली, तेव्हा समुद्रापारच्या मोठमोठ्या देशांनी निर्बंध घातले. त्या देशाची काडीसुद्धा घेणार नाही, असं छाती फुगवून जाहीर केलं. त्याच देशांतल्या लोकांना त्याच सुमारास फिकट लाकडाच्या जमिनी आणि कपाटं हवीहवीशी वाटू लागली, आणि तसलं लाकूड मुबलक होतं ते फक्त नदीपलीकडे. म्हणजे उपासही करायचा आणि फराळही सोडायचा नाही. मग मार्ग निघाला. पलीकडच्या फळ्या ट्रकने पूल ओलांडून अलीकडे यायच्या, टकटकच्या कारखान्यात त्यांचा शिक्का घासून काढला जायचा, कडांना हिरवा रंग फासला जायचा, आणि दोन दिवसांत त्या जन्माने अलीकडच्या होऊन बंदराकडे निघायच्या. थर दाबून चिकटवणारे कारखान्याचे चारपैकी तीन प्रेस बंद पडले होते. फळ्या बनवण्यापेक्षा त्यांचं बारसं करणं सोपं होतं.

ही अक्कल जावईबापूंची. जुने मालक गेल्यावर कारखाना त्यांच्या जावयाच्या हातात आला. त्याआधी तो कुठेतरी आंघोळीच्या साबणाच्या जाहिराती करायचा. लाकडाला उभे तंतू असतात हे त्याला तिसऱ्या वर्षी कळलं. कामगार तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे जावईबापू.

"टकटकमामा, तुमचा शिक्का या मालावर पडला की कुणी बोट ठेवणार नाही," जावईबापू एक दिवस लाडात येऊन म्हणाले. "समुद्रापार चार नंबरचा विश्वास आहे."

"विश्वास आहे म्हणूनच पडणार नाही."

"अहो, माल चांगलाच आहे ना?"

"चांगलाच आहे. शेजाऱ्याचं पोरगं गुणी असलं म्हणून कुणी त्याला आपलं नाव लावत नाही."

जावईबापू हसले. आठवड्याने टकटक गोदामातून जात होता, तेव्हा पलीकडच्या फळ्यांच्या कडेवर त्याला चारचा आकडा दिसला. त्याच्या शिक्क्याचा एक कोपरा झिजलेला होता, या आकड्याचे सगळे कोपरे कोरे करकरीत होते. जावईबापूंनी दुसरा शिक्काच करून आणला होता. टकटकला इतका राग आला की तो तिथेच एका लाकडी ठोकळ्यावर बसून राहिला.

घरी बायकोने ऐकून घेतलं. तिचं माहेर नदीपलीकडचं. तिचा भाऊ तिथल्या कारखान्यात होता.

"गप्प बसा," ती म्हणाली. "साठ घरं चालतात त्यावर. आणि माझ्या भावाचंही चालतं."

"मी तोंडातून शब्द काढणार नाही. काढायची गरजच नाही. ठिगळं बोलतील."

ठिगळ म्हणजे काय, हे धंद्यातल्या पोराटोरालाही ठाऊक असतं. पातळ थरातली गाठ निघून गेली की तिथे भोक पडतं. ते कापून नीट करायचं आणि त्यात लाकडाचाच तुकडा बसवायचा. अलीकडच्या कारखान्यात तो गोल बसवतात, पलीकडे होडीसारखा, दोन्हीकडे टोक असलेला. मशीनच तशी. पलीकडची मशीन टकटकचा मेव्हणाच चालवायचा. जाणत्या माणसाला दहा हातांवरून कळतं की फळी कुणाच्या घरची. म्हणून तर ठिगळाची बाजू नेहमी खाली ठेवतात, हा धंद्यातला पहिला धडा.

पण समुद्रापारच्या गिऱ्हाइकांची हौस बदलली होती. वीस वर्षं त्यांना फळी लोण्यासारखी नितळ लागायची, गाठ दिसली की नाक मुरडायचे. टकटकने तसल्या हजारो फळ्या तिसऱ्या प्रतीत ढकलल्या होत्या. आता त्यांना गाठी हव्या होत्या, ठिगळं हवी होती, सगळं कसं 'नैसर्गिक' हवं होतं. तिसरी प्रत एका हंगामात पहिली झाली. खरेदीदारांची तपासणीस बाई येणार म्हटल्यावर जावईबापूंनी फर्मान काढलं, "सगळे ढीग ठिगळाची बाजू वर करून लावा!"

शिक्के घासले, कडा रंगवल्या, कागद तयार केले, आणि चोरीचा मुख्य पुरावा मात्र स्वतःच्या हाताने उताणा करून मांडला. गाढवाला गुळाची चव काय!

"सगळे ढीग ना, साहेब?" टकटकने अगदी नम्रपणे विचारलं.

"सगळे."

टकटकने ते काम मनापासून केलं. माल थोडा कमी पडत होता, म्हणून चालू असलेल्या एकुलत्या एका प्रेसवरच्या चाळीस फळ्याही शेवटी लावल्या. त्यांवर झिजलेल्या कोपऱ्याचा, त्याचा स्वतःचा शिक्का होता. अख्ख्या गोदामात तेवढाच एक ढीग खरा होता.

बाई आली. पांढरे बूट, हातात टॅब्लेट, आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाची जबाबदारी. पहिल्याच ढिगापाशी ती थांबली आणि होडीच्या ठिगळावरून तिने बोट फिरवलं. टकटक एक पाऊल पुढे सरकला.

"किती गोड!" बाई म्हणाली. "या छोट्या होड्या आमच्या गिऱ्हाइकांना फार आवडल्यात. हाताने केल्यासारख्या वाटतात."

"आमच्याकडची जुनी कला आहे ती," जावईबापूंनी ठोकून दिलं.

बाईने फोटो काढले. ढिगामागून ढीग होड्या मोजत ती पुढे सरकली आणि शेवटच्या चाळीस फळ्यांपाशी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने टॅब्लेटवरचा नमुना पाहिला, पुन्हा फळी पाहिली. नमुना जावईबापूंनीच पाठवलेला. अर्थातच पलीकडच्या ढिगातून उचललेला.

"ही ठिगळं गोल आहेत. हा माल इथला नाही." तिचा आवाज एकदम कडक झाला. "निर्बंधांच्या बाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत. नदीपलीकडचा माल यात घुसवलाय का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. जावईबापूंनी डोळ्यांनी टकटकला विनवलं. काय विनवायचं हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. टकटकला बायकोचं बोलणं आठवलं, साठ घरं आठवली. पण चाळीस फळ्या समोर होत्या, आणि त्यांना चोरीचा माल म्हटलेलं त्याला सोसवेना.

"बाई, एवढ्याच आमच्या आहेत," तो म्हणाला. "चार नंबर मी. बाकीचा सगळा माल पलीकडचा आहे."

बाईने त्याच्याकडे पाहिलं. मग कागदांकडे. कागद चोख होते, त्यांवर तीन कचेऱ्यांच्या सह्या होत्या. तिने दोन्हीकडचे शिक्के पाहिले. एक स्वच्छ, एक झिजका.

"कागद खोटे आणि तुम्ही खरे?"

"एक फळी वाजवून बघा. उभी चिरून बघा. कुठल्याही सुताराला विचारा."

"सुतार?" बाई गोंधळली. अख्ख्या तपासणीच्या यादीत सुतार कुठेच नव्हता.

"वय झालंय मामांचं," जावईबापू हळुवारपणे म्हणाले. "आम्ही सांभाळून घेतो."

बाईचा चेहरा मऊ झाला. तिला आता सगळं समजलं होतं, म्हणजे काहीच समजलं नव्हतं. तिने नोंद केली: माल उत्तम, एक ढीग नामंजूर, पारखी बदलावा.

पुढच्या सोमवारी टकटक घरी होता. मूळ शिक्का त्याने खिशात घालून आणला होता आणि कुणी तो परत मागितला नाही. त्यांच्याकडे दुसरा होता. नामंजूर ढीग जावईबापूंनी पलीकडे परतणाऱ्या रिकाम्या ट्रकमध्ये भरून विकून टाकला. टकटक दारात बसून जगाला शिव्या घालत होता. बायकोने चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी फोन वाजला तसा तो तिने त्याच्या हातात दिला.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "तुमच्या चाळीस फळ्या आमच्याकडे आल्यात. गोल ठिगळाच्या."

"वाजवून बघितल्यास?"

"सगळ्या. एकसुद्धा बद्द नाही. असा माल आता कुणी करत नाही, दाजी."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी फळीवर पेर आपटलं होतं. त्याने खिशातला शिक्का मुठीत धरला.

"फक्त एक आहे," मेव्हणा चाचरत म्हणाला. "आमच्या सरकारनेही आता उलटे निर्बंध घातलेत. तुमच्याकडचा माल इथे चालत नाही. तुमचा चार नंबर घासून काढायचं काम मलाच दिलंय. सकाळपासून तेच करतोय."