शेवंतीचा उजेड

वल्लरीच्या प्रबंधाच्या आराखड्याची तोंडी परीक्षा गुरुवारी दुपारी होती. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात पुढचे संशोधन सुरू होणार नव्हते. तशी काळजी वाटावी असे काही नव्हते. उपग्रहाने टिपलेल्या रात्रीच्या छायाचित्रांवरून गरीब मुलखाची प्रगती मोजण्याची रीत तिने चांगली आत्मसात केली होती, आणि तिने निवडलेला तालुका काही वर्षांतच काळ्याकुट्टाचा लखलखीत झाला होता. ‘अंधारातून विकासाकडे’ हे शीर्षकही ठरून गेले होते.

घरातला दुसरा भाडेकरू अवधूत यंत्र अभियांत्रिकी शिकत होता. चहा ढवळत तो पडद्याकडे पाहून म्हणाला, "यार, मस्त आहे हे. बल्ब मोजायचे नि डॉक्टर व्हायचं! आम्ही उगाच इंजिनं खोलत बसलो."

"बल्ब मोजत नाही रे. प्रॉक्सी आहे तो, उजेडावरून प्रगतीचा अंदाज."

"बरं, प्रॉक्सी. पण तुझी मावशी त्याच तालुक्यात राहते ना? तिला विचारलंस?"

"नात्यातल्या माणसाची साक्ष धरायची नसते. बायस येतो."

हा नियम तिने सोवळे पाळावे तसा पाळला होता. सुवर्णामावशीशी दर रविवारी गप्पा होत, पण त्यांत कामाचा शब्द ती येऊ देत नसे.

गुरुवारी सकाळी आशीर्वाद द्यायला मावशीनेच व्हिडिओ कॉल केला. तिकडे दिवेलागण होऊन गेली होती. मावशीचा चेहरा काही दिसेना; पाठीमागे मात्र लग्नघरासारखा झगमगाट.

"मावशी, दिवा लाव की."

"लाइट कुठली बाई? दुपारपासनं गेलीय."

"मग ते मागे काय आहे?"

"ते होय! कंपनीची शेवंती. रात्री उजेड दिला की फुलायचं लांबतं, सणाच्या टायमाला धरता येतं. जनरेटर आहे त्यांचं. आमच्यापेक्षा फुलांचेच लाड जास्त!" मावशी खळखळून हसली.

वल्लरीला हसू आले नाही. "सगळीकडे शेवंतीच आहे?"

"पार डोंगरापातूर. खोटं कशाला बोलू, हाताला काम आलं, मजुरी वाढली. पत्रा काढून स्लॅब टाकला मी. पण दवाखान्याला अजून नर्स नाही, नि विहिरीचं पाणी खाली गेलं ते गेलंच. तू नको त्यात डोकं घालूस. पेपर झ्याक लिही."

फोन बंद झाला. वल्लरी पडद्यावरच्या त्या तेजस्वी ठिपक्यांकडे पाहत राहिली. परीक्षकांपैकी कोणीही त्या तालुक्यात पाऊल ठेवलेले नव्हते. गप्प बसणे सोपे होते. शिवाय आकडे खोटे नव्हतेच. मावशीच्या डोक्यावरचा स्लॅबही खोटा नव्हता. फक्त तिने त्या आकड्यांना ‘विकास’ हे जे नाव दिले होते, ते त्यांचे नव्हते.

दुपारी तिने शीर्षकाचे पान दाखवलेच नाही. छायाचित्रे मांडली, मावशीकडून कळलेली शेवंतीची हकिकत सांगितली आणि म्हणाली, "उत्पन्न वाढलं आहे, हे मी सिद्ध करू शकते. माणसांचं जगणं सुधारलं का, हे मला या चित्रांतून सांगता येत नाही."

तिच्या मार्गदर्शक नीना जन्माने अमेरिकन होत्या, आईवडील नागपूरचे. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना नुसते ‘नीना’ म्हणणे वल्लरीच्या जिभेला अजून जमले नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझं अर्धं प्रपोजल तू स्वतःच पाडलंस. यू नो दॅट?"

"हो, मॅम."

"तुला हे कधी कळलं?"

"आज सकाळी. विचारायला हवं होतं तेव्हा मी विचारलं नाही."

परीक्षकांनी तिला बाहेर बसवले. बऱ्याच वेळाने नीना एकट्याच बाहेर आल्या आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"आज पास नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा ये."

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने ते पुसले नाही.

"म्हणजे नापास?"

"म्हणजे नॉट येट. समरमध्ये तिकडे जा. चित्रं ठेव, पण घरोघर विचार. दवाखाना, पाणी, शाळा." नीना आता अडखळत निव्वळ मराठीत म्हणाल्या, "आणि सुरुवात मावशीकडून नको. शेजारणीला विचार."

"शेजारणीसुद्धा मावश्याच आहेत सगळ्या, मॅम."

नीना मोठ्याने हसल्या, इतक्या की आतल्या परीक्षकांनी दार उघडून पाहिले.